समुद्र कोणाच्या बापाचा?

‘समुद्र काय तुमच्या बापाचा आहे?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांच्या तोंडून आणि इतक्या निरनिराळ्या भाषांतून ऐकला आहे की, त्याचे उत्तर एकदा जाहीरपणे देऊन टाकावे म्हणून हा लेख लिहावयास बसलो आहे. हा प्रश्न विचारणारे गृहस्थ गुंड नसतात. ते चांगले शिकलेसवरलेले, घरी आल्यागेल्याला चहा विचारणारे, आगगाडीत म्हाताऱ्या माणसाला सरकून जागा देणारे असे असतात. पण पाठीवर हवेची टाकी, पायांत रबरी पंखे आणि डोळ्यांवर काच चढवून ते एकदा समुद्रात शिरू लागले म्हणजे त्यांचे सगळे सौजन्य काढलेल्या कपड्यांबरोबर किनाऱ्यावरच घडी करून ठेवल्यासारखे होते.

मी बोलतो आहे तो स्कूबा डायव्हिंगविषयी. आमच्या मालवणात आता रिक्षावालासुद्धा त्याला ‘इस्कुबा’ म्हणतो. पाणबुड्या हा आपला जुना, अस्सल शब्द आहे. पण त्याचे स्त्रीलिंग केले की युद्धनौका होते, म्हणून की काय, तो मागे पडत चालला आहे. मी तो या लेखात खुशाल वापरणार आहे. पूर्वीचा पाणबुड्या दम कोंडून बुडी मारी. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गाग्नाँ या दोघांनी टाकीतली हवा श्वासागणिक बेताने सोडणारे यंत्र सिद्ध केले, आणि तेव्हापासून कोणाही धडधाकट माणसाला तास-पाऊण तास माशांच्या राज्यात हिंडून येण्याची सोय झाली. मी या विद्येतला पंडित नव्हे. पेशाने शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. परंतु समुद्राच्या कानाशी वाढलो आणि पस्तिशी उलटल्यावर ही बुडी रीतसर शिकलो, एवढ्या अधिकारावर चार शब्द बोलतो.

होडीतून बुडी मारणे आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरणे, यांत मोठा फरक आहे. होडीवर तांडेल असतो. आधी कोणी उतरायचे, नंतर कोणी, शिडीला कोणी हात लावायचा, हे तो सांगतो आणि लोक निमूट ऐकतात, कारण न ऐकले तर परत कोण नेणार? किनाऱ्यावर तांडेल नाही. ज्याच्यापाशी टाकी आहे तो येतो, वाळूवर पथारी पसरतो आणि पाण्यात घुसतो. तेथे पोलीस नाही, पंच नाही, शिट्टी वाजवणारा नाही. म्हणजे जेथे राज्यकर्ताच नाही तेथे माणसांच्या आपसांतल्या रीतीभातींवरच सगळा कारभार चालावयाचा. अशा ठिकाणी रीतभात हा शोभेचा दागिना राहत नाही, तीच घटना आणि तोच कायदा होऊन बसतो, हे त्या ‘बापाचा समुद्र’वाल्यांच्या डोक्यात शिरत नाही.

मी हे पुरतेपणी पाहिले ते बाली बेटावरच्या तुलाम्बेन या गावी. माझा एक जुना विद्यार्थी तेथे पाणबुड्यांचा वाटाड्या म्हणून काही वर्षे नोकरीस होता. ‘गुरुजी, एकदा येवन बघा तरी,’ असे तो दरवर्षी लिही. एका मे महिन्यात, साठवलेले पैसे खर्चून, मी गेलो. तुलाम्बेनला लिबर्टी नावाची एक अमेरिकन मालवाहू आगबोट समुद्राच्या पोटात आडवी पडलेली आहे. १९४२ च्या जानेवारीत जपानी पाणबुडीने तिला लोम्बोकजवळ पाणतीर मारला. जखमी अवस्थेत ओढून आणून तिला तुलाम्बेनच्या किनाऱ्याला लावली, आणि तेथे ती एकवीस वर्षे गंजत पडून राहिली. १९६३ साली आगुंग ज्वालामुखी खवळला तेव्हा त्या उत्पातात ती किनाऱ्यावरून घसरून समुद्रात गेली. आज तिच्या अंगाखांद्यावर पोवळी वाढली आहेत, पोटात माशांचे थवे नांदतात, आणि किनाऱ्यापासून काही ढांगांवरच, पाच-सहा मीटरांपासून तीस मीटरांच्या आसपास खोलीपर्यंत ती पसरलेली असल्यामुळे नवख्यापासून मुरलेल्यापर्यंत प्रत्येकाला ती पाहता येते. साहजिकच जगभरची माणसे तेथे लोटतात. पहाटे गेलात तर बरे. दक्षिणेकडच्या हॉटेलांतून निघालेल्या मोटारी नवाच्या पुढे येऊन थडकल्या की त्या काळ्या गोट्यांच्या किनाऱ्याला आठवड्याच्या बाजाराची कळा येते.

त्या किनाऱ्यावर पाणबुड्यांच्या टाक्या गावातल्या बायका वाहतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आडवी टाकी, आणि पायांखाली निसटणारे वाटोळे गोटे. एका टाकीचे वजन पंधरा किलोंच्या आसपास असते, आणि काही जणी एका वेळी दोन नेताना मी पाहिल्या. आमच्या कोळणी डोक्यावर माशांची टोपली घेऊन ज्या चालीने चालतात तीच ती चाल. आता या बायकांची एक ठरलेली पायवाट आहे. त्या पायवाटेवरच एका टोळक्याने ताडपत्री अंथरून आपले पट्टे, काचा, कॅमेऱ्यांच्या पेट्या यांचे प्रदर्शन मांडले होते. बायका मुकाट्याने वळसा घालून, जास्त निसरड्या गोट्यांवरून जाऊ लागल्या. माझ्या विद्यार्थ्याने त्या मंडळींना हात जोडून सामान दोन हात सरकवण्याची विनंती केली. त्यांतल्या एका सहा फुटी गोऱ्या गृहस्थाने जे उत्तर दिले त्याचे शब्द त्याच्या भाषेतले होते, पण मराठीत भाषांतर करावयाचे तर तेच, या लेखाच्या माथ्यावरचे. गोरा म्हणून त्याला मी विशेष दोष देत नाही. तेच वाक्य शुद्ध पुणेरी उच्चारांत मी मालवणच्या जेटीवर ऐकलेले आहे.

किनाऱ्याची दुसरी जागा म्हणजे लाटा फुटतात तो पट्टा. ज्याला आत जायचे आहे त्याने सगळी तयारी कोरड्यात करावी, आणि पाण्यातून बाहेर येणाऱ्याला आधी वाट द्यावी, ही रीत आहे. ही रीत कोणा लहरी माणसाने ठरवलेली नाही. बाहेर येणारा दमलेला असतो, त्याच्या टाकीत हवा थोडी उरलेली असते, पाठीवरचे ओझे पाण्याबाहेर येताच एकदम जड होते, आणि मागून लाट गुडघ्यांत मारते. आत जाणाऱ्याला मात्र काहीच घाई नसते. असे असूनही नेमक्या त्याच पट्ट्यात उभे राहून, पंख्याचा पट्टा आवळीत, काचेवर थुंकून ती पुशीत, एकमेकांची छायाचित्रे घेत दहा-बारा जण वाट अडवून बसतात. एक वयस्क जपानी बाई त्या दिवशी त्यांच्यामुळे दोनदा गोट्यांवर कोसळली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा कोणीतरी हसले.

पण हे सगळे पाण्यावरचे. पाण्याखाली जे चालते ते यापेक्षा वाईट, कारण तेथे तोंडाला नळी असल्यामुळे ‘अहो, जरा सरका’ एवढेही म्हणण्याची सोय नाही. कॅमेरेवाले हे त्यातले मुख्य गुन्हेगार. एखाद्या पोवळ्याच्या खबदाडीत बोटाएवढा मासा दिसला की हे महाशय तेथे तळ ठोकतात. दिवा मारतात, पुन्हा मारतात, मासा पाठमोरा झाला तर धातूच्या कांडीने त्याला डिवचून तोंड फिरवायला लावतात. मागे चार माणसे रांगेत तरंगत आहेत याची दखलही ते घेत नाहीत. आणि अखेर समाधान झाले म्हणजे पायांचे पंखे असे फडकावून निघतात की तळचा गाळ उसळून मागच्यांना मासा तर नाहीच, स्वतःचा हातही दिसू नये.

‘पाच मिनिटे थांबावे लागले तर बिघडले कोठे?’ असे कोणी विचारील. माझे गणित मॅट्रिकपुरतेच आहे, पण तेवढे येथे पुरते. पाण्यात दर दहा मीटरांना वातावरणाइतका एकेक दाब वाढतो. वीस मीटरांवर दाब तिप्पट होतो आणि प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट खर्च होते. बारा लिटरांची टाकी २०० दाबाने भरली तर तीत २४०० लिटर हवा मावते. माणूस जमिनीवर मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असे धरले तर तेथे साठ लिटर लागणार. चौथा हिस्सा, म्हणजे ६०० लिटर, सुखरूप वर येण्यासाठी राखून ठेवायचा असतो. उरले १८०० लिटर, म्हणजे त्या खोलीवर बरोबर तीस मिनिटे. या तीस मिनिटांतली पाच तुमच्या एका छायाचित्रापायी मी रांगेत तरंगत काढली, तर माझ्या शिदोरीचा सहावा हिस्सा तुम्ही खाल्लात. शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी उचलणाऱ्याला आपण जे म्हणतो ते तुम्हाला का म्हणू नये? मुरलेले, सभ्य कॅमेरेवाले मी पाहिले आहेत. ते दोन-तीन छायाचित्रे घेतात, पाय न हलवता अलगद मागे सरतात आणि आणखी हवी असतील तर पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन थांबतात. म्हणजे हे जमण्यासारखे आहे.

जाता जाता एक खुळखुळेवाल्यांविषयी. काही जण टाकीवर काहीतरी बडवून किंवा धातूचा खुळखुळा वाजवून आपल्या सोबत्यांना हाका मारतात. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोहोचतो, आणि म्हणून तो कोणीकडून आला हे कळत नाही. परिणाम असा की, एकाने खुळखुळा वाजवला की पन्नास माणसे गिरक्या घेऊन चहूकडे पाहू लागतात. कोणी संकटात आहे की काय, अशी प्रत्येकाच्या छातीत धडकी भरते. आणि वाजवणाऱ्याला असते काय दाखवायचे? एक कासव!

आता माझ्या तक्रारीला कोणी ‘मास्तरांचा चिडखोरपणा’ म्हणून वाटेला लावू नये, म्हणून एक संशोधन सांगतो. कॅरिबियन समुद्रात सेंट लुशिया नावाचे बेट आहे. तेथे बार्कर आणि रॉबर्ट्स या दोन अभ्यासकांनी ३५३ पाणबुड्यांच्या मागे राहून, कोण किती वेळा पोवळ्यांना हात, पाय किंवा सामान लावतो हे मोजले आणि २००४ साली ते प्रसिद्ध केले. कॅमेरा नसलेला माणूस सरासरीने दहा मिनिटांत एकदा पोवळ्यांना धक्का लावी, कॅमेरेवाला चार वेळा. होडीतून उतरलेला दोन वेळा, किनाऱ्यावरून शिरलेला पाच वेळा. पण खरी बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. बुडीपूर्वी जी माहिती सांगतात तीत ‘पोवळ्यांना स्पर्श करू नका’ असे एक वाक्य त्यांनी घालून पाहिले. फरक शून्य! मात्र वाटाड्याने पाण्याखाली, चुकणाऱ्याला तेथल्या तेथे खुणेने हटकले, तेव्हा हे धक्के दहा मिनिटांना तीनावरून एकावर आले.

वर्गात पंचवीस वर्षे उभा राहिलेला कोणताही मास्तर हे संशोधनावाचून सांगेल. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी लावून वर्ग शांत होत असता तर सरकारने मास्तरांऐवजी पाट्याच नेमल्या असत्या.

आणि येथे मी माझ्या गावी येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे पाणी उथळ आहे, खडकांवर पोवळी आहेत, आणि १९८७ साली मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. पाट्यांची म्हणजे वाण नाही. पाऊस सरला की पर्यटकांचा पूर येतो. येथे माणसे किनाऱ्यावरून चालत शिरत नाहीत, थोडे अंतर होडीने जातात. परंतु गर्दीची तऱ्हा तुलाम्बेनचीच, किंबहुना अधिक केविलवाणी. तिकडे उतरणाऱ्या बहुतेकांना निदान बुडी येते. आमच्याकडे पोहताही न येणाऱ्या गृहस्थाच्या तोंडात नळी देतात, मागून वाटाड्या त्याची टाकी धरतो, आणि दहा-पंधरा मिनिटे त्याला खडकाभोवती फिरवून, त्याचे चलच्चित्र काढून, वर आणतात. चित्रात मासे भरपूर दिसावेत म्हणून खाली पाव कुस्करतात. पाव हे समुद्रातल्या माशाचे अन्न नव्हे, पण धीट जातीचे मासे त्यावर झुंबड करतात आणि बुजरे बिचारे लांब पळतात. एकाच खडकावर तीन-तीन होड्यांची माणसे उतरलेली असतात. कोणाचा पाय कोणाच्या काचेवर बसतो, कोणी घाबरून पोवळ्याला मिठी मारतो, कोणी उत्साहाने अंगठा वर करतो. पाणबुड्यांच्या खुणांत वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘झकास’ असा नाही, ‘मला वर न्या’ असा आहे. झकाससाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून वाटोळे करायचे असते. हे दोन मिनिटांत शिकवता येते. पण मागची होडी खोळंबलेली असते ना!

त्या पर्यटकाला मी दोष देत नाही. सोलापूरहून किंवा सांगलीहून आलेल्या, जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या माणसाला पोवळे म्हणजे दगड वाटणारच. दोष त्याला न शिकवता खाली ढकलणाऱ्याचा आहे. आणि वाटाड्याचा? तुलाम्बेनहून परत येऊन येथे कामाला लागलेल्या त्याच माझ्या विद्यार्थ्याला मी एकदा रागाने विचारले, ‘अरे, तिकडे तू गोऱ्यांना हात जोडून शिस्त सांगत होतास, येथे तुझी वाचा का बसते?’ तो म्हणाला, ‘गुरुजी, हय माका माणसामागे पैसे गावतत. एकाची दहा मिनटां झाली की दुसऱ्याक घेवक व्हयो. हात धरून वर काढलंय तर गिऱ्हाईक रागावता, आणि मालक पैसे कापता.’ मग सेंट लुशियाच्या वाटाड्याने जे केले ते यांच्याकडून कसे होणार? ज्याची मजुरी डोक्यांवर मोजली जाते त्याला डोकी मोजण्याखेरीज दुसरे काही सुचू नये, अशी ही व्यवस्था आहे.

यावर व्यवसायवाल्यांची ठरलेली उत्तरे मला पाठ आहेत. पर्यटकाने पैसे मोजलेले असतात म्हणे. नाटकाच्या तिकिटाचे पैसे मोजणारा रंगमंचावर चढून नायिकेची वेणी ओढीत नाही. दुसरे उत्तर अधिक शहाणपणाचे दिसते. पोवळी मरतात ती समुद्र तापल्यामुळे, आमच्या गिऱ्हाइकाच्या हातामुळे नव्हे. समुद्र तापतो आहे हे खरेच. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, जगभरची पोवळी एकाच वेळी पांढरी पडण्याचा हा चौथा प्रसंग आहे. पण घरात माणूस तापाने फणफणला असता ‘तो तसाही आजारीच आहे’ म्हणून त्याच्या अंथरुणावर आपण नाचत नाही. गोलसर, घट्ट जातीचे पोवळे वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. माझ्या डोक्याएवढे पोवळे कित्येक वर्षे वाढत आलेले असते आणि एका टाचेखाली त्याचा पापुद्रा निघतो.

तिसरे उत्तर मला सर्वांत झोंबते. ‘मास्तर, ही साहेबी थेरं. आपल्या किनाऱ्यावर असले शिष्टाचार कधी नव्हते.’ नव्हते? रापण विसरलात? अर्धे गाव एका जाळ्याचे दोर ओढते, आणि दोराला हात लावणारा पोरसुद्धा मासळी घेतल्यावाचून घरी जात नाही. एका किनाऱ्यावर दोन रापणी असल्या तर आधी जाळे कोणी टाकायचे आणि दुसऱ्याने कोठवर थांबायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. त्यावरून भांडणे झाली नाहीत असे नाही, डोकीही फुटली. पण डोकी फुटली ती रीत मोडली म्हणून, रीतच नव्हती म्हणून नव्हे. वाळूत वाळत घातलेल्या जाळ्यावरून चाललो म्हणून लहानपणी एका म्हाताऱ्या गाबिताने माझा कान असा पिरगाळला होता की, त्या कानाला ती रीत अजून ऐकू येते. समुद्र त्याच्याही बापाचा नव्हता. त्याचा बाप समुद्रावर जगला होता, एवढेच. आणि एवढ्यासाठीच दुसऱ्याचा नातू कसा वागतो याकडे त्याचे लक्ष होते.

म्हणून माझे मागणे साहेबाकडून उसने आणलेले नाही. रापणीला जशी पाळी, तशी खडकालाही पाळी असावी. एका वेळी एका खडकावर एकाच होडीची माणसे उतरोत, आणि ही पाळी होडीवाल्यांनीच आपसांत, पाऊस संपण्याआधी ठरवावी. पाव बंद. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावर अर्धा तास खुणा, पाय कसे हलवायचे आणि हात कसे आवरायचे हे शिकवावे, त्याचे पैसे हवे तर जास्त घ्यावेत. पर्यटक देईल, कारण तो भित्रा असतो आणि शिकवले तर त्याला धीर येतो. वाटाड्याची मजुरी दिवसाची असावी, डोक्याची नव्हे. आणि मुख्य म्हणजे, एकदा हटकूनही जो पोवळ्याला झोंबेल किंवा दुसऱ्याला तुडवील, त्याला हात धरून वर आणण्याची मुभा वाटाड्याला असावी, आणि त्याबद्दल त्याच्या पगारातला एक पैसाही कापला जाऊ नये. यात धंदा बुडतो असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांना विचारावे की, दुसऱ्यांदा का आला नाहीत. गढूळ पाणी आणि माणसांचे पाय पाहायला दुसऱ्यांदा कोण येईल?

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या विद्यार्थ्याने एका गृहस्थाला असे वर आणले. गृहस्थ पोवळ्यावर उभे राहून छायाचित्र काढवून घेत होते. पहिल्यांदा खूण केली, दुसऱ्यांदा केली, तिसऱ्यांदा हात धरला. होडीत आल्यावर त्यांनी आरडाओरड केली, पैसे परत मागितले, आणि तो सुप्रसिद्ध प्रश्नही विचारला. होडीतल्या दुसऱ्या एका बाईंनी, त्या साताऱ्याकडच्या शिक्षिका होत्या असे नंतर कळले, त्यांना गप्प बसायला सांगितले आणि ते बसले. पण संध्याकाळी मालकाने पोराच्या त्या दिवसाच्या पैशांतून त्या गृहस्थाचे पैसे वळते करून घेतले, आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. पावसाळाभर तो भावाच्या पातीवर आणि मग शेतात राबला. त्याच्याबरोबरचे आणखी चार वाटाडे दिवसाच्या मजुरीवाचून या हंगामात पाण्यात उतरायचे नाही असे म्हणत आहेत. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा होड्या पाण्यात लोटलेल्या असतील आणि ते म्हणणे टिकले की नाही, हे ठरून गेलेले असेल.